भांड्यांची निगा : तुमचे अनुभव लिहा

परवा माझ्या आवडत्या बशीचा टवका उडाला. वापरताना नव्हे, धुताना. नळाच्या तोटीला कड लागली. बहुतेक भांडी अशीच जातात, धुताना नाहीतर रचताना. तुमच्याकडे काय बिघडलं, काय वाचलं, सविस्तर लिहा.

* * *

चिनी मातीच्या ताटल्यांवर राखाडी रेघा दिसल्या आणि मी सगळा सेट काढून टाकायला निघाले होते. बोट फिरवलं तर गुळगुळीत! ते चरे नव्हतेच, सुरी-काट्याचं स्टील झिलईवर घासून राहिलं होतं. खाण्याच्या सोड्याचा दाट लेप, मऊ फडकं आणि थोडी चिकाटी, एवढ्यावर निघालं. खरे चरे पडले ते ताटल्या रचताना. ताटलीच्या बुडाच्या कड्याला बऱ्याचदा झिलई नसते, हात लावून बघा, खरखरीत लागेल. वरची ताटली ओढली की ते कडं खालचीवर फिरतं. आता मध्ये कागद घालते आणि ताटली उचलूनच काढते.

* * *

स्टीलच्या पातेल्यात मिठाचं पाणी रात्रभर राहिलं. सकाळी तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे! १८/८ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे वर जो पातळ थर धरतो, तोच गंजापासून राखतो, आणि मिठातलं क्लोराइड नेमका तोच फोडतं. खड्डे काही बुजले नाहीत. हल्ली पाणी उकळल्यावरच मीठ घालून ढवळतो.

* * *

वरच्यांना : पांढुरके डाग असतील तर काळजी नको. तो जड पाण्यातला क्षार, व्हिनेगरने जातो.

* * *

दोन काचेचे पेले एकात एक घट्ट बसले होते. आतल्यात गार पाणी ओतलं, बाहेरचा कोमट पाण्यात धरला. आतला आकसला, बाहेरचा सैलावला, अलगद सुटले. घाईने पिळले असते तर हात कापला असता.

* * *

माझी चूक कल्हईच्या पातेल्याची. रिकामंच आचेवर राहिलं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं; आत बघते तर कल्हई ओघळून थेंबाथेंबांनी गोळा झालेली, मधूनमधून तांबं उघडं. नवी कल्हई होईपर्यंत ते पालथं घालून ठेवलं होतं.