झुडपाचं काय एवढं? कारवी आणि पाणमांजर

जांबोटीकर: काल इथे कुणीतरी लिहिलंय, "आपल्या बेळगावकडच्या मलप्रभा नदीतलं एक पाणमांजर डोंगरभर कारवीपेक्षा मोलाचं. कारवी काय, तोडली तरी उगवते." वाचून गप्प बसवेना. कारवी 7 वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. फुलायच्या आधीच सरसकट साफ केलीत तर बी पडणार कुठून? आमच्या आजीच्या घराचे कूड कारवीचे, वर शेणमातीचा गिलावा. भिंतीला कान लावला की आत किडा कुरतडताना ऐकू यायचा, पण घर उभं राहिलं.

मलप्रभाकाठ: मीच लिहिलंय, मागे घेणार नाही. असोग्याजवळ नदीतल्या खडकावर पाणमांजराची विष्ठा पाहिलीय मी. माशांचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, नाक धरावं असा वास. ती दिसली म्हणजे नदीत खायला आहे. तुंगभद्रेवर 34 किलोमीटरचा पट्टा 2015 साली पाणमांजरांसाठी राखीव झाला. मलप्रभेला कधी?

कणकुंबीचा: आधी नाव नीट घ्या. आमच्यात ऊद म्हणतात. मांजर नव्हेच ते. आणि उदमांजर वेगळं, ते झाडावरचं.

चिकोडीचे मास्तर: कन्नडात नीरुनाई, पाण्यातला कुत्रा. टोळीनं फिरतं, शीळ घालतं. मला तेच पटतं.

मलप्रभाकाठ: झालं! मराठी बोर्ड गेले, मराठी कागद गेले, आता जनावर पण कन्नड करा!

चिकोडीचे मास्तर: आवाज खाली. पंचवीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय मी. वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलायची, त्यांनीच मला हा शब्द दिला. शब्द घेतल्यानं मराठी बुडत नाही.

कणकुंबीचा: मास्तर, दाखल्यासाठी आठ खेपा घालून बघा, मग सांगा. मराठीत अर्ज दिला म्हणून माझा परत आला.

चिकोडीचे मास्तर: तो अन्याय आहे, मी कुठं नाही म्हणालो? पण तो राग पोरांच्या शब्दावर काढू नका.

जाळंवाला: नावावर भांडायलाय सगळे. माझं जाळं दोनदा फाडलंय त्या उदानं. आतला मासा अर्धा खाल्लेला.

जांबोटीकर: आणि मासा का घटला, तेही बघा. आमच्या वरच्या उतारावर कारवी काढली, त्या वर्षी पहिल्याच पावसात ओढा तांबडा लाल. खेकड्यांची बिळं गाळानं बुजली. उदानं खायचं काय?

मलप्रभाकाठ: उताराचं खरं आहे. तेवढंच मान्य. नदी राखायला डोंगर राखायला हवा. पण मोलाचं पाणमांजरच.

जाळंवाला: आणि माझ्या जाळ्याचं?