ड्यूकांच्या चावट कादंबऱ्या: खरं किती, बंडल किती?

पाणचट_चहा

मंडळी, जरा लाजतच धागा काढतेय. ‘ब्रिजर्टन’ मालिका बघितली, मग मूळ पुस्तकांकडे वळले आणि तिथून जी घसरले ती घसरलेच. किंडलवर सध्या ड्यूक, अर्ल आणि मार्क्विस या इंग्रज सरदारांशिवाय कुणालाही प्रवेश नाही. सासूबाई विचारतात, एवढं काय वाचतेस गं? मी सांगते, इंग्लंडचा इतिहास. तेवढ्यापुरतं तरी ते खरं असावं म्हणून विचारते.

त्या काळात लंडनमध्ये इतके तरुण, देखणे, अविवाहित ड्यूक खरंच होते का? दर दुसऱ्या पुस्तकात ‘नवरा-बायको एकत्र आले नाहीत तर लग्न रद्द होईल’ अशी भानगड असते, त्यात काही तथ्य? आणि जुन्या पुस्तकांतला नायक सरळ जबरदस्ती करतो, तरी शेवटी नायिका त्याच्याच गळ्यात पडते. तुम्ही हे कसं पचवता? गरम पानं उलटून पुढे जाता की सावकाश वाचता? खरं सांगा, इथे कुणी कुणाला ओळखत नाही.

तिरकस

ड्यूक म्हणजे आपल्याकडचं ‘उच्चकुलीन, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा बंगला’. जाहिरातीत शेकड्यांनी, प्रत्यक्षात एकही नाही. इतिहास हवा तर इतिहास वाचावा, यात आपल्या मातीशी संबंध असलेलं काय आहे? (हलके घ्या.)

खरेदीखत

तिरकसराव, हलकेच घेतलं. मातीचं नंतर बघू, आधी ताईंचे प्रश्न.

मी नगरची, पेशाने वकील. दिवसभर खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, वाटण्या. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव अजून कसं आणि बहिणींनी सही का करायची, यात संध्याकाळ होते. रात्री ड्यूक. लाज वगैरे कधीच सोडली. गरम पानं मी उलटत नाही. उलट ती फुसकी निघाली की वैतागते, आणि बहुतेकदा ती फुसकी निघतात ती लेखिकेला कायदा माहीत नसल्यामुळे. हसू नका, सांगते.

या कादंबऱ्यांतला रीजन्सी काळ म्हणजे 1811 ते 1820, राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळे युवराजाने कारभार बघितला तो काळ. तेव्हा सगळे ड्यूक मिळून चाळीससुद्धा भरले नसते. त्यातले म्हातारे, लग्न झालेले आणि संधिवाताने खुर्चीला खिळलेले वजा करा. या कादंबऱ्यांत एकेका लेखिकेने त्याहून जास्त ड्यूक उजवलेत. हे मला चालतं. परीकथेत राजपुत्र किती, याची शिरगणती कोण करतं!

चालत नाही ते दुसरंच. ‘एकत्र आलो नाही तर लग्न रद्द’ ही शुद्ध बंडल. इंग्लंडच्या धर्मन्यायालयात नुसतं ‘झालं नाही’ म्हणून भागत नव्हतं. दोघांपैकी एकाला, बहुधा नवऱ्याला, जमणंच शक्य नाही, असं सिद्ध करावं लागे. जोडीदार हट्टाने नकार देतो, या कारणावर लग्न रद्द करता येऊ लागलं ते 1937 च्या कायद्याने. आता असा एखादा ड्यूक डोळ्यांसमोर आणा, जो भर न्यायालयात उभा राहून सांगतोय की माझ्याच्याने होत नाही. ही कादंबरी मात्र कुणी लिहीत नाही.

‘तुझ्यासाठी मी ड्यूकपद सोडतो’ हा संवाद तर माझ्या डोक्यात जातो. सोडणार कसं? वारशाने आलेली पदवी सोडायची कायदेशीर सोय 1963 मध्ये झाली. कुठेही, केव्हाही लग्न लावायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपकडून, म्हणजे मुख्य धर्मगुरूकडून, खास परवाना लागे. एरवी मुकाट्याने चर्चमध्ये आणि तेही सकाळी, दुपारी बाराच्या आत. परवान्यावर लग्न करणारी मुलगी एकविसाच्या खाली असली, तर वडिलांची संमती हवी. म्हणून तर जोडपी पळून स्कॉटलंडच्या वेशीवर ग्रेटना ग्रीनला जात. तिथे हा कायदा लागू नव्हता.

आता मुद्द्यावर येते. बग्गीत दोघं समोरासमोर बसलीत. तो तिच्या हातमोज्याचं मनगटावरचं एक बटण काढतो, नुसतं एक. तेवढ्यानेही माझ्या अंगावर काटा येतो, तो का? तर मला ठाऊक असतं की ही पोरगी पणाला काय लावतेय. लग्न होताच तिची रोकड, दागिने, जंगम सगळं नवऱ्याचं. बायकोला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येईल असे कायदे आले 1870 आणि 1882 मध्ये. पोरं झाली तर ताबा बापाचा. आईला कोर्टाकडे नुसती दाद मागायची वाट 1839 मध्ये उघडली. घटस्फोट हवा तर पार्लमेंटमध्ये स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यायचं, आणि ते एका बाईला पहिल्यांदा जमलं 1801 साली. म्हणजे चुकीच्या माणसापुढे मनगट धरलं तर जन्माची माती. ज्या पुस्तकात हे ओझं जाणवतं तिथे बटणसुद्धा पेट घेतं. जिथे नायिका आजच्या मुलीसारखी रात्री अडीचला त्याच्या खोलीत शिरते आणि सकाळी कुणाचं काही बिघडत नाही, तिथे दहा पानं वर्णन असलं तरी मी जांभया देते.

त्यामुळे मी कादंबरीत आधी लग्नाचा करारनामा शोधते. मोठ्या घरात लग्नाआधी वकील बसून ठरवत, बायकोला वर्षाकाठी हातखर्चाला किती, नवरा गेल्यावर विधवेला किती, धाकट्या मुलांना किती. तिच्या माहेरचा पैसा विश्वस्तांच्या नावे ठेवला, तर नवऱ्याचा हात त्याला लागत नसे. प्रेमात आंधळा झालेला नायक पहिल्यांदा नायिकेचा पैसा असा सुरक्षित करून देतो ना, तो प्रसंग मला शयनगृहापेक्षा जास्त रोमँटिक वाटतो. पेशाचा दोष, दुसरं काय.

आणि शेवटी उपसंहारात ती गुटगुटीत बाळं! युवराजाची एकुलती एक मुलगी शार्लट 1817 च्या नोव्हेंबरात बाळंतपणात गेली. मूलही मेलेलंच जन्मलं. राजघराण्यातल्या, सगळे डॉक्टर हाताशी असलेल्या मुलीची ही गत. बाळंतपणाची भीती कादंबरीत एका ओळीने तरी यावी, एवढीच अपेक्षा.

टाका_दोरा

खरेदीखत, +1. मी ब्रिस्टलजवळ राहते आणि त्या काळाच्या पद्धतीचे कपडे हाताने शिवायचा छंद आहे, म्हणून दोन आणे माझेही.

नायक एका हिसक्यात सगळं फाडतो ना, त्याला एकदा घरी बोलवा. सगळ्यात आत जाडसर लिननची शेमीज, ती फाडायला पैलवान लागेल. त्यावर स्टेज, म्हणजे कॉर्सेटची आधीची बहीण. तिला पाठीमागे एकच लांब नाडी नागमोडी ओवलेली, भोकं हाताने शिवलेली, कारण धातूच्या रिंगा नंतर आल्या. नाडीची गाठ सुटली तरी ती एकेका भोकातून ओढून काढावी लागते. मैत्रिणीची स्टेज काढताना आमचा चहा गार होतो. ‘करकचून आवळलेली चिमणी कंबर’ही विसरा, तेव्हा झग्याची कंबर छातीखालीच संपायची. आणि खालून घालायच्या ड्रॉवर्सची, म्हणजे चड्ड्यांची, फॅशन तेव्हा नुकती येत होती, सगळ्या बायका घालत नसत. याचा फायदा लेखिका का घेत नाहीत, देव जाणे.

पाणचट_चहा

बाई गं! चहा गार होण्यावरून आठवलं, माझाही झाला. पण जबरदस्तीचं कुणी बोललंच नाही. आणि तिरकसरावांची माती राहिली.

खरेदीखत

बोलते. या चावट ऐतिहासिक लाटेची सुरुवात मानतात ती 1972 च्या ‘द फ्लेम अँड द फ्लावर’पासून. त्यात नायक नायिकेला वेश्या समजून बलात्कार करतो आणि पुढे तोच नवरा. मी ते पूर्ण वाचलं, पण त्याला प्रणय म्हणणं मला जमलं नाही. काही जण म्हणतात, त्या पिढीतल्या बायकांना ‘मी नाही केलं, माझ्याकडून करवलं’ एवढ्याच पळवाटेतून सुख वाचायची मुभा होती. असेल. मला आज ते नको.

पण नायिकेने केलं म्हणून माफ, असंही नाही हं. ब्रिजर्टनचं पहिलं पुस्तक, 2000 सालचं, त्यात नवरा दारूच्या नशेत असताना ती त्याची इच्छा डावलून त्याच्याकडून मूल मिळवू बघते. मला तो प्रसंग तितकाच खटकतो. नायक धिप्पाड आहे म्हणून त्याची संमती गृहीत धरायची का?

आता माती. तिरकसराव, खराखुरा ड्यूक हवा ना? आर्थर वेलस्ली, अर्लचा धाकटा मुलगा, खिसा रिकामा. किटी पॅकनहॅमला मागणी घातली, घरच्यांनी नकार दिला. गडी हिंदुस्थानात आला. 1803 च्या ऑगस्टमध्ये आमचा नगरचा किल्ला घेतला, 23 सप्टेंबरला जालन्याकडच्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा पराभव केला. पैसा आणि नाव घेऊन परतला आणि 1806 मध्ये, मधल्या वर्षांत तिचं तोंडही न बघता, त्याच किटीशी लग्न केलं. हाच पुढे 1814 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. कादंबरीचा आराखडा आयता आहे की नाही? फक्त संसार अजिबात सुखाचा झाला नाही, आणि तो कमावून नेलेला पैसा कुठून आला हे नायकाच्या ‘गूढ भूतकाळा’त कुणी लिहीत नाही. किल्ल्यावरून जाते तेव्हा दरवेळी माझ्या मनात येतं.

तिरकस

हे माहीत नव्हतं. बरं, एकच पुस्तक वाचायचं असेल तर कोणतं? बायकोसाठी विचारतोय.

पाणचट_चहा

होऽ, बायकोसाठीच.

खरेदीखत

वहिनींना सांगा, लॉरेटा चेस, ‘लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स’, 1995 चं. काळ 1828, म्हणजे काटेकोर रीजन्सी नव्हे, आणि नायक ड्यूक नाही, मार्क्विस. अब्रू घालवली म्हणून नायिका त्याच्यावर सरळ पिस्तूल झाडते आणि मग वकील गाठते. माझी आवडती का, ते कळलं असेलच. गरम आहे, पण नाकीडोळी नीटस. चावट अजिबात नको असेल तर जॉर्जेट हेयर ही लेखिका. तिथे चुंबनापर्यंत पोचायला शेवटचं प्रकरण उजाडतं, पण विनोद कसला आहे! आणि चेसच्या पुस्तकात सुरुवातीला नायकाचं बालपण येतं, ते कंटाळून गाळू नका. पुढची सगळी भांडणं त्यावरच उभी आहेत.