अनुभव धागा: मेल यायलेत, पण जाईनात

मोंढ्यातल्या अडतीवर, एमआयडीसीतल्या स्टोअरमध्ये, सीएच्या ऑफिसात अजूनही सकाळी आउटलुक नाहीतर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम लावून ठेवायची पद्धत आहे. नेट गेलं तरी जुना पत्रव्यवहार हाताशी राहतो. त्यामुळं ही सवय सुटत नाही, आणि सुटावी असं मला तरी वाटत नाही. पण या सगळ्यांची तक्रार एकच: मेल यायलेत, पण जाईनात. दुरुस्तीवाला येतो, प्रोग्राम काढून परत टाकतो, पैसे घेऊन जातो आणि दुखणं तसंच राहतं. राहणारच. थंडरबर्ड काढलं तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे खातं आणि सेटिंग साठवलेलं फोल्डर, मशीनवर तसंच असतं, परत टाकलं की जुनी सेटिंग जशीच्या तशी उभी. शिवाय मेल घ्यायचं काम पॉप नाहीतर आयमॅप करतं, पाठवायचं एसएमटीपी. एक चालू म्हणून दुसरं चालूच असेल असं नाही.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. पडद्यावर आलेला मजकूर आणि आकडा जरूर द्या, 'एरर आला' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. फोटो टाकणार असाल तर पत्ता झाका.

लातूर, अडत दुकान

तुरीचा ट्रक भरून उभा, ड्रायव्हरचं दर पाच मिनिटाला 'मालक, झालं का?', आणि ई-वे बिल समोरच्या मिलला जाईना. त्या आठवड्यातच नेटचं कनेक्शन बदललं होतं. पुतण्यानं सेटिंग उघडलं तर पाठवायच्या सर्व्हरपुढं पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २५. तो म्हणाला, काका, हा पोर्ट सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचा. व्हायरस लागलेल्या मशीनीतून स्पॅम सुटू नये म्हणून बरेच नेटवाले साध्या कनेक्शनवर तो बंदच ठेवतात. जुन्या नेटवर उघडा होता, नव्यावर नाही, एवढाच फरक. आपल्यासारख्यांनी पाठवायसाठी ५८७ हा पोर्ट १९९८ सालीच ठरलाय म्हणे.

५८७ टाकला, सुरक्षेच्या खान्यात स्टार्टटीएलएस, म्हणजे जोडणी कुलूपबंद करायची एक पद्धत, निवडलं. तरी जाईना, पण आता वेगळा मजकूर आला: ५५०, आणि पुढं 'रिले' असं काहीतरी. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो, पण तो आपल्याला ओळखेना. 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' या ओळीपुढं टिक केली आणि मेल सुटला. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघायची युक्तीही पुतण्याचीच. तिथून मेल गेला तर दोष नेटच्या वाटेत, नाही गेला तर सेटिंगमध्ये. मात्र हॉटस्पॉटवरही २५ बंद असू शकतो, म्हणून ही परीक्षा ५८७ टाकल्यावर घ्यायची.

अंबाजोगाई, कॉम्प्युटर दुरुस्ती

लातूरच्या काकांना एक जोड देतो. ४६५ पण चालतो, २०१८ पासून तर त्याचीच शिफारस आहे. मात्र ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस आणि ५८७ सोबत स्टार्टटीएलएस, ही जोडी मोडायची नाही. ४६५ टाकून स्टार्टटीएलएस ठेवलं की गोल नुसतं फिरत बसतं आणि शेवटी 'टाइम आउट'.

माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी केस ५३५ ची, म्हणजे सर्व्हर पासवर्ड नाकारतो ती. गिऱ्हाईक म्हणतं, पासवर्ड बरोबर आहे, मोबाईलवर चालायलाय की. बरोबर असतो हो, पण थंडरबर्ड घ्यायचा पासवर्ड वेगळा साठवतं आणि पाठवायचा वेगळा. बदललेला पासवर्ड एका जागी पोचतो, दुसरीकडं जुनाच राहतो. सेव्ह केलेल्या पासवर्डच्या यादीत एसएमटीपीनं सुरू होणारी ओळ शोधा, ती उडवा, पुढच्या वेळी विचारलं की नवा टाका.

दुसरं, जीमेलचं. साधा पासवर्ड टाकून बाहेरच्या प्रोग्राममधून आत शिरायची जुनी सोय गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून काढून घेतली. आता एकतर ओऑथ२ निवडायचं, म्हणजे प्रोग्राम ब्राउझरसारखी खिडकी उघडून परवानगी मागतो, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड काढायचा आणि तो टाकायचा. आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांनाही १६ सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड चालत नाही. जुन्या विंडोजवरचा जुना प्रोग्राम ओऑथ ओळखतच नाही. अशा ठिकाणी मी सेटिंगशी झटत बसत नाही, प्रोग्राम नवा घ्या म्हणून सांगतो.

हिंगोली, झेरॉक्स आणि ऑनलाइन सेंटर

आमचं छोटंसं. थंडरबर्डच्या खाली डाव्या कोपऱ्यात ऑफलाइनचं बारकं चिन्ह असतं, त्यावर कुणाचा तरी क्लिक पडलेला. बघा आधी.

वाळूज, मशीनिंगचं वर्कशॉप

आम्ही एका मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो. ड्रॉइंग आणि तपासणीचे रिपोर्ट रोज मेलवर. एक दिवस आउटबॉक्समध्ये वीस-बावीस मेल तुंबले. सगळ्यात पुढं कुणीतरी २२ एमबीचं ड्रॉइंग जोडलेलं. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी, म्हणून सगळ्यांचं म्हणणं, बसायला पाहिजे. बसत नाही! मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांत बदलून जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशानं फुगते. २२ ची २९ च्या वर जाते. २५ ची मर्यादा असेल तर १८ च्या आतच थांबावं.

खरी गंमत तो मेल उडवताना. आउटलुक म्हणतं, पाठवायला सुरुवात झालीय, आता हात लावता येणार नाही. तेव्हा सेंड/रिसीव्हमधलं वर्क ऑफलाइन दाबायचं, आउटलुक बंद करून परत उघडायचं, मग मेल उडवायचा आणि ऑफलाइन काढायचं. मागची रांग लगेच हलली. ड्रॉइंग आता ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतो.

परभणी, कॉलेजचं ग्रंथालय

लाइट गेली की आमच्या जुन्या मशीनची तारीख मागं जायची. मदरबोर्डवरचा सेल, सीआर २०३२, मेलेला. तारीख २००९ दाखवत असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं मशीनला वाटतं आणि ते जोडणीच नाकारतं. मेल मात्र यायचे, कारण घ्यायची जोडणी बिनसुरक्षेची, पोर्ट ११०. त्यामुळं घड्याळाकडं कुणाचं लक्षच जाईना. सेल बदलला आणि घ्यायचं पोर्टही सुरक्षित जोडणीचं ९९५ करून घेतलं.

नांदेड, करसल्लागार

३१ जुलै जवळ आली की आम्ही सगळ्या अशिलांना कागद मागवायचे मेल एका झटक्यात टाकायचो. निम्मे गेले की पुढचे थांबायचे, 'मर्यादा संपली'. साध्या जीमेल खात्यावर दिवसाला ५०० जणांची मर्यादा असते, आणि बीसीसीतला, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या यादीतला, प्रत्येक पत्ताही त्यात धरला जातो. इथं दुरुस्त करायला काही नाही. गट पाडायचे आणि आठवडाभर आधी सुरू करायचं.

बीड, औषध दुकान

एवढ्या उठाठेवीपेक्षा ब्राउझरमध्ये उघडून पाठवा की.

अंबाजोगाई, कॉम्प्युटर दुरुस्ती

भाऊ, ती तर पहिली परीक्षाच आहे. ब्राउझरमधून मेल गेला तर खातं ठीक, बिघाड आपल्या मशीनवर नाहीतर नेटच्या वाटेत. तिथूनही नाही गेला तर प्रोग्रामला हात लावू नका. पण पंधरा वर्षांचे मेल एकाच मशीनवर असलेल्या माणसाला 'ब्राउझर वापरा' हा काय सल्ला झाला?

धाराशिव, बांधकाम ठेकेदार

आमच्याकडं पाठवणं बंद झालं ते वेगळ्याच कारणानं. आम्ही कधी न लिहिलेले मेल 'पोचला नाही' म्हणून परत यायलेले, तेही परदेशातल्या पत्त्यांवरून. कुणीतरी पासवर्ड मिळवून आमच्या नावानं कचरा पाठवत होतं, म्हणून होस्टिंगवाल्यांनी फक्त पाठवणं रोखलेलं. पासवर्ड बदलला, मशीन तपासलं. मग वेबमेलमध्ये जाऊन फॉरवर्डचे नियम बघितले तर सगळ्या मेलची एक प्रत अनोळखी पत्त्यावर चाललेली. तो नियम काढला नसता तर नवा पासवर्ड टाकूनही मेल बाहेर गळतच राहिले असते.

जालना, बियाण्यांचं दुकान

अँटीव्हायरसमधलं 'जाणाऱ्या मेलची तपासणी' तेवढं बंद केलं आणि काम झालं. अख्खा अँटीव्हायरस काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

वसमत, हळद व्यापारी

प्रोग्राममधून जायलेत, पण प्रिंटरवरून स्कॅन केलेला कागद मेलला जाईना. हे इथं विचारलं तर चालतंय का?

अंबाजोगाई, कॉम्प्युटर दुरुस्ती

चालतंय की. प्रिंटरपण एसएमटीपीच वापरतो. खातं जीमेलचं असून त्याच्या सेटिंगमध्ये साधा पासवर्ड असेल तर अॅप पासवर्ड टाका. प्रिंटर जुना असेल तर त्याला नवं टीएलएस येत नसेल, मग कागद मशीनवरच्या फोल्डरमध्ये स्कॅन करून तिथून पाठवा. मॉडेल कोणतं आहे?