रात्रीच्या फोटोतले लाल-निळे ठिपके कसे काढायचे?

प्रश्न:
ट्रायपॉडवरून आकाशाचे फोटो काढते, ३० सेकंदांचं एक्स्पोजर, लागोपाठ बऱ्याच फ्रेम. मोठे करून पाहिले की काळ्या भागात बारीक लाल, निळे, हिरवे ठिपके दिसतात. दिवसाच्या फोटोत एकही नाही. गिंपमध्ये (फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर) क्लोनने, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून वर चिकटवणाऱ्या टूलने, पुसते, तर ठिपका जातो पण भोवती रंगीत डाग उरतो. शिवाय तारा कुठला आणि ठिपका कुठला, तेही कळत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर गेला का?

उत्तर १:
सेन्सर ठणठणीत आहे, काळजी सोडा. हे हॉट पिक्सेल. सेन्सर तापला आणि शटर बराच वेळ उघडं राहिलं की काही पिक्सेल प्रकाश नसतानाही चार्ज साठवतात. थोडेफार प्रत्येक कॅमेऱ्यात असतात.

ओळखायचे कसे? लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींवर लेयर म्हणून ठेवा आणि वरची दाखवत-लपवत राहा. तारे सरकतात, हॉट पिक्सेल जागचा हलत नाही.

आता तो डाग. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. त्यामुळे एक पिक्सेल खोटं बोलला की शेजारीही बिघडतात. त्यात जेपेग, म्हणजे नेहमीची लहान केलेली फोटो फाइल, ८×८ पिक्सेलच्या चौकटींत चित्र दाबतं, मग डाग आणखी पसरतो. म्हणून ही सफाई रॉ फाइलवरच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरच करावी, असं माझं ठाम मत आहे. डार्कटेबल या रॉ फाइलच्या सॉफ्टवेअरमधलं हॉट पिक्सेलचं मॉड्यूल ते उरलेले दोन रंग काढण्याआधीच काम करतं, त्यामुळे डाग पडायची वेळच येत नाही. रॉथेरपी या तशाच सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे.

प्रश्नकर्ती:
रॉ पुढच्या वेळेपासून. पण आधीचे सगळे फोटो जेपेगच आहेत हो!

उत्तर १:
तेही वाचतील. क्लोन टूलचा मोड 'डार्कन ओन्ली' करा. मग उजळ असेल तेवढंच बदलतं, काळं आकाश जसंच्या तसं राहतं. ब्रश ठिपक्यापेक्षा जरासा मोठा घ्या म्हणजे भोवतालचा डागही त्यात येईल, आणि नमुना अगदी शेजारून उचला; आकाशाचा रंग क्षितिजाकडे बदलत जातो, लांबून उचललेला तुकडा लगेच उघडा पडतो. हे सगळं फोटोच्या लेयरची नक्कल (डुप्लिकेट) करून तिच्यावर करा, मूळ फोटोला हात लावू नका.

उत्तर २:
डिस्पेकलसारखा ठिपके आपोआप पुसणारा फिल्टर मात्र अख्ख्या फोटोवर फिरवू नका. बारीक तारे आधी तोच खातो, आणि आकाश मेणासारखं गुळगुळीत दिसतं.

उत्तर ३:
कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही आहे. तेवढाच वेळ शटर बंद ठेवून कॅमेरा दुसरी फ्रेम घेतो आणि पहिलीतून वजा करतो. पण ३० सेकंदांच्या फोटोमागे आणखी ३० सेकंद जातात. बऱ्याच फ्रेम जोडून ताऱ्यांच्या रेषा करायच्या असतील तर त्या मधेमधे तुटतात, तेव्हा ते बंदच ठेवा. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून, तोच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि तेवढेच सेकंद ठेवून काही काळ्या फ्रेम घ्या. कॅमेरा गार व्हायच्या आत घ्या, नाहीतर ठिपके जुळत नाहीत. रॉथेरपीत डार्क फ्रेम म्हणून त्या देता येतात.