तेरच्या संग्रहालयात विद्यार्थ्यांना काय दाखवावे?

वर्गशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहण्यासाठी आमच्या शाळेचा नववीचा वर्ग नेण्याचे ठरत आहे. सहलीतले संग्रहालय म्हणजे मुलांनी काचेच्या कपाटांवरून नजर फिरवायची आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचे, असे या वेळी होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोणत्या वस्तूंसमोर थांबावे आणि मुलांना काय सांगावे? शिवाय एका विद्यार्थ्याच्या घरी शेत नांगरताना सापडलेले मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे डब्यात जपून ठेवले आहेत. त्या कुटुंबाने त्यांचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

तेरणाकाठ

या संग्रहालयाचा कणा असलेला संग्रह तेरच्याच मातीतून निघालेला आहे, हे मुलांना दारातच सांगावे. आपल्याकडच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची माती धाब्याला आणि भिंतींना लिंपण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उकरली गेली आणि तिच्यासोबत किती खापरे, मणी, नाणी नाहीशी झाली याची गणतीच नाही. अशा परिस्थितीत लामतुरे यांनी गावच्या परिसरातील वस्तू चिकाटीने जमवल्या. तो संग्रह आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे शहर असल्याचे म्हटले आहे, आणि तिथून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. हे तगर म्हणजे आपले तेर, असे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्या मताला बळ दिले.

माझ्या मते सर्वाधिक वेळ हस्तिदंती स्त्रीमूर्तीला द्यावा. इटलीतील पॉम्पे येथे १९३८ साली अशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. पॉम्पे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तिकडे पोहोचली होती, हे निश्चित होते. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अशा मूर्तीचा खालचा भाग सापडला आहे, त्यामुळे या मूर्ती दख्खनमध्येच घडवल्या जात असाव्यात या मताला आधार मिळतो. पॉम्पेची मूर्ती आरशाची मूठ होती की एखाद्या आसनाचा पाय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो प्रश्न मुलांपुढे तसाच मोकळा ठेवावा, ती भरपूर तर्क लढवतील.

त्यानंतर पांढऱ्या केओलिन मातीच्या लहान मूर्तींकडे वळावे. पुढची बाजू एका साच्यात आणि मागची दुसऱ्या साच्यात दाबून नंतर दोन्ही भाग जोडलेले असल्याने त्या आतून पोकळ आहेत. कानामागून खांद्याकडे उतरणारी सांध्याची रेघ कुठे दिसते का, हे मुलांना शोधायला लावावे. केशरचना आणि दागिने इतके बारीक आहेत की कारागिराचा हात समोर उभा राहतो. मौल्यवान वस्तू नेहमीच मांडलेल्या असतात असे नाही, म्हणून कोणती दालने खुली आहेत याची आधी चौकशी करावी.

शिलालेखप्रेमी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, परंतु केवळ संग्रहालय पाहून परतू नये. गावातील त्रिविक्रम मंदिराचा मूळ भाग विटांचा असून त्याची मागची बाजू अर्धगोलाकार आणि छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर आहे. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह असावी असे अनेक अभ्यासक मानतात, आणि पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर याच घडणीचे आहे. लेण्यांतली चैत्यगृहे मुलांनी चित्रांत पाहिलेली असतात, तोच आकार इथे उघड्यावर, विटांत बांधलेला पाहता येतो.

कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी) हे बिरुद अभिमानाने मिरवले आहे. शेकडो मैल दूर राज्य करणाऱ्या घराण्यांना या गावाशी नाते सांगावेसे वाटत होते, इतका त्याचा लौकिक टिकून होता. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन तर मुले घेतीलच.

कायद्याचा विद्यार्थी

डब्याबाबत लिहितो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची मर्यादा आज नाममात्र असल्याने, मणी क्षुल्लक आहेत असे स्वतःच ठरवून गप्प बसू नये. तहसील कार्यालयामार्फत लेखी माहिती द्यावी आणि त्या पत्राची पोच जवळ ठेवावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात, त्यामुळे परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही. फिरत्या खरेदीदाराने चांगला भाव सांगितला तरी त्या विकू नयेत.

संग्रहालयातील अधिकाऱ्यांना वस्तू दाखवण्यास हरकत नाही, उलट त्यांचा सल्ला उपयोगी पडेल. मात्र तोपर्यंत मणी घासून धुऊ नयेत, तुटलेले तुकडे डिंकाने चिकटवू नयेत, आणि गट क्रमांक, बांध किंवा विहिरीपासूनचे अंतर व किती खोलीवर काय मिळाले हे आठवते तेवढे कागदावर लिहून तो कागद डब्यातच ठेवावा. ही माहिती हरवली, तर त्या मण्यांवरून वस्ती कुठवर पसरली होती हे कुणालाच ठरवता येणार नाही.