फॉर्म सोपा, पण भरायला कोणाला द्यायचा?

"टीपीएसचा आय-८२१ फॉर्म स्वतः भरता येतो, मग वकिलाला पैसे कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. टीपीएस म्हणजे मायदेशातल्या युद्धामुळे किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे परत जाणं धोक्याचं असलेल्या परदेशी लोकांना अमेरिकेत मिळणारं तात्पुरतं संरक्षण, आणि आय-८२१ हा त्याचा अर्ज. भरता येतो, खरंय. पण एका फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) किंवा दोन मिसडिमिनरमध्ये (किरकोळ गुन्ह्यांत) दोषी ठरलेल्याला हे संरक्षण मिळत नाही, आणि आपल्या नावावर कोर्टात नेमकं काय नोंदलं गेलंय हे पुष्कळांना धड ठाऊकच नसतं. ते अर्जाआधी जाणकाराकडून तपासून घ्यावं.

जाणकार म्हणजे 'नोतारिओ' नव्हे! लॅटिन अमेरिकेत नोतारिओ हा मुरलेला कायदेतज्ज्ञ असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सही-शिक्क्याचा धनी. या नामसाधर्म्यावर दुकानं थाटून लोकांना लुबाडणारे आहेत. ऐपत नसेल तर न्याय खात्याची मान्यता असलेल्या सेवाभावी संस्था पाहा. तिथले अधिकृत प्रतिनिधी वकील नसले तरी अर्जदाराची बाजू कायदेशीरपणे मांडू शकतात, तेही फुकट किंवा अल्प फीमध्ये.

आणखी एक. टीपीएस एका वेळी ६ ते १८ महिन्यांचंच असतं आणि त्यातून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानंही एकमतानं सांगितलं, की बेकायदा शिरलेल्या माणसाचा प्रवेश टीपीएसमुळे कायदेशीर ठरत नाही. म्हणून आश्रयासाठी अर्ज करता येईल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं. त्या अर्जाला एरवी अमेरिकेत आल्यापासून वर्षाची मुदत असते. टीपीएस चालू असेपर्यंत ती सहसा आड येत नाही, ते संपल्यावर मात्र घाई करावी लागते.

भारतीयांना टीपीएस नाही. नेपाळला २०१५च्या भूकंपानंतर मिळालं होतं.