मदत हवी आहे: गाईला खाऊ घातलेली हळद कासेपर्यंत पोहोचते का?

वावरातली:
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. घरी एक संकरित गाय आहे, तिसरं वेत. वीस दिवसांपूर्वी व्याली. आठव्या दिवशी मागचा डावा सड दगडासारखा झाला आणि दुधात गाठी आल्या. डॉक्टरांनी कासदाह सांगितला, सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली. कालच शेवटचं इंजेक्शन झालं. दूध आता स्वच्छ दिसतं, पण सड थोडा टणकच लागतो.

सासूबाई रोज संध्याकाळी तिला हळद-गुळाचा मुटका देतात, हळद अंदाजे 50 ग्रॅम. त्यांच्या हाताला गुण आहे हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून त्यांना अडवायचं नाही. पण ही हळद पोटातून पुढे जाते कुठे? कोणीतरी मोबाइलवर पाठवलं की मिरे घातले तर ती वीसपट लागते. मग घालू का? आणि माझा दोन वर्षांचा मुलगा हेच दूध पितो. हळद दुधात उतरते का?

गोठा_अकोला:
ताई, आम्ही खाऊ घालत नाही, लेप लावतो. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटायचं. चुन्यानं लेप लाल होतो, घाबरू नका. धार पूर्ण काढायची, कास धुवायची, मग दिवसातून आठ-दहा वेळा पातळ करून लावायचा.

पशुवैद्य_वर्धा:
ताई, प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर सांगतो.

मुटका आधी कोटीपोटात, म्हणजे गाईच्या चार पोटांतल्या पहिल्या पोटात पडतो. मोठ्या गाईचं कोटीपोट म्हणजे शंभर लिटरच्या वर मावेल एवढी आंबवणीची टाकी, त्यात कोट्यवधी जिवाणू. माणसाच्या पोटात गोळी विरघळते तसं इथं होत नाही. वनस्पतीतली कितीतरी द्रव्यं रक्तात जायच्या आधीच हे जिवाणू मोडतात किंवा बदलतात. कधी यातून भलं होतं, कधी घात. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन ढोरं तडकाफडकी पडतात ती यामुळेच: फुटव्यात साखरेला बांधलेलं विष असतं, कोटीपोटात ते सुटं होतं आणि काही मिनिटांत रक्तात जातं.

आता हळद. तिच्यातलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन, साधारण 3 टक्के. म्हणजे 50 ग्रॅममध्ये दीड ग्रॅम, तेही साडेतीनशे किलोच्या जनावराला. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडं आतड्यातून शोषलं जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरी द्रव्यं जोडून बाहेर टाकायच्या रूपात आणतात. बहुतेक भाग शेणावाटे जातो. कासेपर्यंत पोहोचतं ते नगण्य. म्हणून अकोल्याच्या भाऊंचा लेप मला जास्त पटतो, तिथं हळद दुखऱ्या जागेवरच बसते.

मिऱ्याचा आकडा 1998 च्या बंगळुरूच्या अभ्यासातला आहे. मिऱ्यातलं पिपरीन सोबत दिल्यावर रक्तातलं कर्क्युमिन माणसांत 2000 टक्के वाढलं, पण उंदरांत 154 टक्केच. एकाच जोडीचा दोन प्राण्यांत एवढा फरक! आणि हे दोघेही रवंथ करणारे नाहीत. तो आकडा गाईला लावू नका. शिवाय पिपरीन यकृताचं काम मंदावतं, त्यामुळे दुसरी औषधंही शरीरात जास्त वेळ राहू शकतात. इंजेक्शनं नुकतीच संपली असताना मिरे नकोच.

दुधाचं म्हणाल तर एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चार-पाचशे लिटर रक्त फिरतं. त्यातलं जे चरबीत विरघळतं आणि प्रथिनांना चिकटलेलं नसतं, ते दुधात उतरतं. दूध रक्तापेक्षा थोडं आंबट, म्हणून अल्कधर्मी द्रव्यं तिथं अडकून राहतात. यासाठी दुभत्या जनावराला धोतऱ्यासारखा पाला औषध म्हणून कधीच देऊ नये. हळदीची काळजी सोडा. पण ट्यूब आणि इंजेक्शनचं औषध दुधात येतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत चारही सडांचं दूध मुलाला देऊ नका. उकळून ते औषध जाईलच असं नाही.

वावरातली:
खूप आभार डॉक्टर साहेब. दुधाचे दिवस विचारायचेच राहून गेले होते, मुलाचं दूध आजपासून बंद केलं. अजून एक, कालवडीलाही सासूबाई दुधातून चिमूटभर हळद देतात, आणि जाऊबाई सरकीच्या ढेपेचं पाणी पाजतात. चालेल का?

पशुवैद्य_वर्धा:
हळद चिमूटभर असेल तर राहू द्या. ढेप मात्र आजच बंद करा. वासरू दूध पितं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जातं. कोटीपोट अजून कामाला लागलेलंच नसतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या गाईच्या कोटीपोटात ते प्रथिनांना बांधलं जाऊन बरंचसं निकामी होतं, वासरात मात्र सुटंच शोषलं जातं. यकृतात साठतं, हृदयाला धोका करतं. दम लागतो, आणि कधी वासरू अचानक जातं. आपल्याकडे घरोघरी ढेप असते म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

गोठा_अकोला:
आमचं एक गोऱ्हं असंच गेलं होतं, तेव्हा कारण कळलं नव्हतं.

वावरातली:
जाऊबाईंना वाचून दाखवलं, ढेपेची बादली उचलली. उद्या डॉक्टर येताहेत, सड दाखवते आणि दुधाचे दिवस लिहून घेते. कोरफड शेजारच्या धुऱ्यावर आहे. लेप वाटायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.